शिडाच्या होडीसाठी ब्राँझ की स्टेनलेस?

संपादक महोदय,

‘स्टेनलेस गंजत नाही’ असे गृहीत धरून शिडाच्या होडीचे सुटे भाग घेतले जातात, हे धोक्याचे आहे. ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादात गंज रोखणारे मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असले, तरी त्यावरचा संरक्षक थर ऑक्सिजनवरच टिकतो. त्यामुळे डोलकाठीच्या तारांचा ताण पेलणारी पट्टी जिथे डेकमधून खाली उतरते, तिथे साचलेल्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या खाऱ्या पाण्यात ती पोखरली जाते आणि वरून चकचकीतच दिसते. सिलिकॉन ब्राँझला हा धोका फारसा नाही. (मँगनीज ब्राँझ मात्र नावापुरतेच ब्राँझ, त्यात भरपूर जस्त असते आणि ते खाऱ्या पाण्यात झिजून जाते.) टर्नबकलचा (तारा ताणून घट्ट करणाऱ्या, फिरवायच्या जोडाचा) सांगाडा ब्राँझचा आणि स्क्रू स्टेनलेसचे, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते, कारण स्टेनलेसचे आटे स्टेनलेसमध्ये ताणाखाली फिरवले की चिकटून बसतात.

आपला,
एक वाचक