बाई, तुमच्या वहीबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा टाकायला आत निघून गेला असतात आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही कुणालाही वाचता येईल असं. आपल्या आळीतली निम्मी घरं आता इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाट्याकडे पांगली आहेत. सर्वपित्रीच्या संध्याकाळी पारावर काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्षभरात आळीतली जी माणसं गेली, त्यांच्या घरी तुम्ही गेलात. तिसऱ्याला सावडायला गर्दी असते, दहाव्याला सगळे रामकुंडावर असतात, तेराव्याला जेवणावळ. ते सगळं उरकून पाहुणे आपापल्या गावी परतले की तुम्ही यायचात, एकट्याच, फुलस्केप वही आणि शाईचं पेन घेऊन. माणशी एक पान लिहिलंत. सर्वपित्री अमावास्येला, दिवेलागणीनंतर, ती पानं तुम्ही पारावर बसून वाचलीत. माइक नव्हता, अध्यक्ष नव्हते, हारतुरे नव्हते.

आपल्या नाशिकला खरं तर मृत्यूचं नावीन्य नाही. देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. गांधीजींच्याही अस्थी इथे विसर्जित झाल्या. तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या आहेत; आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते गठ्ठा सोडतात आणि पणजोबांची सही तुमच्यासमोर धरतात. परगावचे लोक ती सही बघून रडतात, मी पाहिलंय. पण कोण, कुठून, कुणाचा मुलगा, कधी आला, एवढंच त्या वहीचं काम. तो माणूस कसा होता हे तिला विचारायचं नसतं.

पेपरातल्या निधनवार्तेचं तर विचारूच नका. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' मागे कोण राहिलं याची पूर्ण यादी, आणि जो गेला त्याला दोन विशेषणं: मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीचे. गावातले सगळे मेलेले मनमिळाऊ कसे, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडलाय. त्यात आता चौकातले फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली गेलेल्या माणसाचा फोटो पासपोर्टएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो दारातल्या तोरणासारखे सगळीकडून. जाऊ द्या.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मी सवयीने म्हणाले, "बाबा फार शांत होते." तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि विचारलंत, "शांत होते म्हणजे काय करायचे?"

मला उत्तर देता आलं नाही. दादालाही नाही. मग बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "टपाल आलं की बाबा आधी तिकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. पत्र मग फोडायचे." आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. तुम्ही ते लिहून घेतलंत, आईकडून नोकरीची जुनी कागदपत्रं मागून घेतलीत, आणि काही दिवसांनी शालिमारहून बस पकडून नाशिकरोडला गेलात, बाबांच्या बरोबर काम केलेल्या एका काकांना शोधायला. त्या काकांचा पत्ता आमच्याकडेसुद्धा नव्हता.

बाबा प्रेसमध्ये होते, एवढंच आम्हाला माहीत. नाशिकमध्ये 'प्रेसमध्ये' म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. एकीकडे इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथे टपाल तिकिटं, स्टँप पेपर, पासपोर्ट छापतात. शेजारी नोटांची करन्सी नोट प्रेस, १९२८ पासूनची. आत काय चालतं ते घरी सांगायचं नाही, आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. त्या काकांकडून तुम्हाला कळलं की बाबा तिकिटांच्या तावांना भोकं पाडायच्या मशीनवर होते. भोकांची रांग केसभर सरकली तर ताव रद्द. पण रद्द ताव म्हणजे रद्दी नाही, त्याचाही हिशेब. दिवसअखेर आलेले ताव, चांगले ताव, बाद ताव यांचा मेळ बसेपर्यंत जागचं कुणी हलायचं नाही. कधी एक ताव कमी भरायचा आणि सगळे ताटकळत बसायचे.

हे पान तुम्ही पारावर वाचण्याआधी आमच्याकडे वाचून दाखवलंत, तेव्हा आई एकदम म्हणाली, "म्हणून चपला!"

बाबा रोज रात्री कडी लावायच्या आधी दारातल्या चपला मोजायचे. घरात माणसं किती, चपलांचे जोड किती. कुणी बाहेर असेल तर कडी न लावता खुर्ची ओढून बसायचे. आम्ही कॉलेजात असताना या चपला मोजण्याचा आम्हाला भयंकर राग यायचा, पाळत ठेवल्यासारखं वाटायचं. आई इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहिली, पण तिलाही दोन गोष्टींचा सांधा तुमच्या पानामुळे जुळला. चपलांची गोष्ट तुम्ही तिथेच समासात लिहिलीत.

धुळवडीला आपल्याकडे वीर निघतात. देवघरातले पूर्वजांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत गोदेवर न्यायचे, आंघोळ घालायची, नाचवत परत आणायचे. आमच्या देवघरातही टाक आहेत. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, यातला हा घोड्यावरचा कोण? ती म्हणाली, आपलाच कुणीतरी. आजीच्या सासऱ्यांनाही नाव माहीत नव्हतं म्हणे. बाबांच्या बाबतीत 'आपलाच कुणीतरी' असं माझ्या नातवंडांना म्हणावं लागणार नाही. हे तुमचे उपकार आहेत आणि ते फिटायचे नाहीत, पण मला ते फेडायचेही नाहीत.

बाकीच्या पानांबद्दलही लिहायचंय, कारण बाबांचं पान मी ऐकलेलं होतं. पारावर मी खरी हलले ती आप्पा आणि चाचांच्या पानांनी. ती तुम्ही मुद्दाम एकामागोमाग वाचलीत. आप्पा तांबट, चाचा कल्हईवाले. आप्पांनी घडवायचं आणि चाचांनी कल्हई लावायची. हंडे, घंगाळं, बंब, तपेली. नवी पिढी स्टीलवर वाढली, तिला हे सांगावं लागतं की पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून आतून कथलाचा हात द्यायचा. भट्टीवर भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने चटकन पसरायचं, आणि पाण्यात बुडवायचं. तो चर्र आवाज ऐकायला आम्ही पोरं शाळेतून येताना थांबायचो. तुम्ही वाचत होतात तेव्हा पारावरचे बरेच जण हात हवेत गोल फिरवत होते, कुणाच्या लक्षात आलं का माहीत नाही.

आप्पांना शेवटी ऐकू येत नव्हतं. जन्मभर ठोके घालून कान गेले, हे सगळ्यांना ठाऊक. पण पत्रा कुठे पातळ झालाय ते त्यांना बोटांच्या टोकांना कळायचं आणि चाचा त्यांना भांडं दाखवून नुसत्या भुवया उडवायचे, हे आप्पांच्या सुनेने तुम्हाला सांगितलं. सप्टेंबर २००८ च्या पुरात भांडीबाजारात पाणी शिरलं तेव्हा आप्पा हातोड्या आणि खरवाया वाचवायला खाली उतरले आणि चाचांनी त्यांना दंडाला धरून माडीवर चढवलं, हे मात्र चाचांच्या घरून कळलं. आप्पांच्या घरी हा प्रसंग कुणालाच माहीत नव्हता. आप्पांनी सांगितलाच नव्हता. तसं बघितलं तर तो त्यांच्या अब्रूचा प्रश्न होता!

आणि एक गोष्ट तुम्ही बोलून दाखवली नाहीत, मी दाखवते. आधी वाचन मारुतीच्या सभामंडपात ठरलं होतं. चाचांचं पान तिथे वाचायचं का, अशी कुजबुज सुरू झाली. तुम्ही वाद घातला नाहीत. चाचांच्या मुलाला विचारून आलात आणि सांगितलंत, "पारावर वारं चांगलं असतं." बस. सतरंजी पारावर गेली.

विडीवाल्या आक्कांचं पान वाचताना त्यांच्या मुली मागे उभ्या होत्या, विडी कामगार नगरातून आलेल्या. घरात तेलुगू, आळीत मराठी. सूप मांडीवर, भिजवलेली तेंदूची पानं, कैची, दोरा. मजुरी हजार विड्यांमागे आणि छाट निघालेल्या विड्या गेल्या वाया. हात मोकळे नसायचे म्हणून मुलींनी रोज पेपर मोठ्याने वाचायचा असा आक्कांचा नियम होता. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण मुलगी एखादी ओळ गाळून पुढे गेली की बरोब्बर पकडायच्या. "मधलं कुठं गेलं?" हे वाक्य तुम्ही त्यांच्या आवाजात वाचलंत आणि मागून हुंदका आणि हसू एकदमच आलं. तुमच्या वर्गात त्या मुली वाचनात पहिल्या का असायच्या, हे तुम्हालाही तेव्हाच कळलं असं म्हणालात.

रहाडीवाल्या तात्यांच्या पानाबद्दल मला धाकधूक होती. रंगपंचमीच्या आधी जमिनीतली रहाड, म्हणजे रंगाचा हौद, उघडायची, वरची माती आणि लाकडाचे ओंडके काढायचे, आतून साफ करायची, पूजा, मग फुलं उकळून रंग. पहिला धप्पा, म्हणजे रंगात पहिली उडी, कुणी मारायचा, कुणी काठावर उभं राहायचं, सगळं तात्या बघायचे. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेली गोष्ट, आणि वर्षाचे बाकी दिवस तिच्यावरून रिक्षा धावतात. एवढं लिहून थांबता आलं असतं. पण तात्या प्यायचे, आणि प्यायले की आळी डोक्यावर घ्यायचे. तुम्ही काकूंना विचारलंत, हे लिहू का? काकू म्हणाल्या, "लिहा की. नाहीतर बाकीचंही कुणाला खरं वाटायचं नाही." तुम्ही काकूंचं हे वाक्यसुद्धा पानात घेतलंत. पारावर काकू मान ताठ ठेवून बसल्या होत्या. रहाडीच्या दिवशी तात्या थेंबालाही शिवायचे नाहीत, हेही त्याच पानात आहे.

वाड्याच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरू आजोबांबद्दल सांगायला घरचं कुणी नव्हतं. त्यांचं पान चार ओळींचं आहे. तुम्ही सार्वजनिक वाचनालयात जाऊन चौकशी केलीत. १८४० सालची संस्था. तिथे पेपर वाचायला रोज सकाळी येणाऱ्यांना त्यांची खुर्ची माहीत होती, नाव माहीत नव्हतं. त्यांना शब्दकोडं सोडवायला आवडायचं आणि ते पेन्सिलीने, अगदी फिकट सोडवायचे, म्हणजे दुसऱ्याला खोडून परत सोडवता यावं. चार ओळीच, पण त्यात पेन्सिल आहे.

मला वाटतं, तुमच्या पानांची सगळी करामत या आग्रहात आहे. तुम्ही कुणालाही गुण विचारले नाहीत. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे, कुणाशी बोलणं टाकलं होतं, कोणती वस्तू दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत, असलं विचारलंत. दाखल्यावरच्या तारखा स्वतः पडताळल्यात. घरच्यांना आधी ऐकवलंत आणि त्यांनी नको म्हटलं ते खोडलंत; माझ्या माहितीत असं एका घरी झालं, आणि तिथे काय होतं ते तुम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दादाने सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या. आक्कांच्या धाकट्या मुलीला त्यांच्या पानाचं तेलुगू करून गावाकडच्या मामांना पाठवायचंय, तुमची हरकत नाही ना, ते कळवा.

आणि एक निरोप. चाचांच्या मुलाचा फोन आला होता. तो म्हणतो, पानात भाता लिहिलाय ते बरोबर आहे, पण शेवटची कित्येक वर्षं अब्बा हाताने फिरवायचा पंखा वापरत होते. भाता माळ्यावर पडून होता. "बाईंना सांगा, भाता काढू नका, पंखा वाढवा." रविवारी सकाळी तो तुमच्याकडे येतोय, पंखा दाखवायला घेऊनच. त्या पानाच्या खाली दोन ओळींची जागा आहे, मी बघितलंय.

तुमची,
प्रेसवाल्यांची धाकटी