तीन मिलिमीटरबद्दल आभार

मित्रहो, सप्रेम नमस्कार.

आमच्या छोट्या कॅबिनेटचं, म्हणजे संगणकाच्या बाहेरच्या पेटीचं, आरेखन तुम्ही कागदावर छापलंत, पुठ्ठा कापून नमुना उभा केलात, आपापलं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर, पॉवर सप्लाय त्यात बसवून पाहिलात आणि नेमकं कुठे अडतं ते आकड्यांत कळवलंत. "छान झालंय" म्हणणाऱ्यांचे आभार आहेतच, पण "इथे २ मिमी कमी पडतात" असं लिहिणाऱ्यांचे उपकार फार मोठे आहेत.

त्यातही रुंदीचे. पहिल्या आरेखनात कॅबिनेट ३२२ मिमी लांब, २१२ उंच आणि १३६ रुंद होतं, म्हणजे ९.२८ लिटर. मधोमध एक उभा पत्रा, त्याच्या एका अंगाला मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड, आणि दोन्हींना जोडणारी राइझर केबल. बोर्डाच्या बाजूची बेरीज अशी होती: बाहेरचा पत्रा १.५, मोकळी हवा ३, कूलर ४७, सॉकेट आणि प्रोसेसर मिळून साधारण ७, बोर्ड १.६, स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) ६.५, मधला पत्रा १.५. एकूण ६८.१ मिमी. कागदावर सगळं बसत होतं.

प्रत्यक्षात दोन गोष्टी बसत नव्हत्या आणि दोन्ही तुम्ही पकडल्यात. पहिली आवाजाची. कूलरचा पंखा जाळीतून हवा ओढतो. पाती जाळीपासून जेमतेम ३ मिमीवर असली की भोकांच्या कडांवर विस्कटलेली हवा तशीच पात्यांवर आदळते आणि शिट्टीसारखा सूर लागतो. पंख्याचा वेग कमी केला तर सूर खाली येतो, जात नाही. दुसरी गोष्ट पॉवर सप्लायची. एसएफएक्स या लहान, ठरीव आकाराच्या सप्लायचं माप १२५ × १०० × ६३.५ मिमी. दोन पत्र्यांमधली जागा ६५.१, म्हणजे उरले १.६. पावडर कोटिंगचा, म्हणजे भाजून पक्क्या केलेल्या भुकटी-रंगाचा, थर प्रत्येक पृष्ठभागावर ०.०६ ते ०.१ मिमी चढतो, पत्र्याला थोडा बाक असतोच, आणि सप्लायच्या कडेने एखादी वायर जरी गेली तरी बाजूचा पत्रा फुगतो.

रुंदी १३९ केली आणि दोन्ही प्रश्न सुटले. आकारमान ९.४९ लिटर झालं, म्हणजे सुमारे ०.२ लिटरची वाढ. एवढ्याशा वाढीसाठी आधी आम्ही अडून बसलो होतो, ते चुकलं. पंख्यापुढे आता ६ मिमी आहेत. फट वाढली की पंखा बाजूची गरम हवा परत ओढतो, म्हणून पंख्याच्या चौकटीभोवती फोमची पट्टी लावून ती फट बंद करायची, हेही तुमचंच सुचवणं. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल९आय हा कूलर अवघा ३७ मिमीचा आहे. तो बसवला तर फट १६ मिमीची होते, तिथे ही पट्टी हवीच.

जाळीबद्दलही लिहायला हवं. ३ मिमीची गोल भोकं ५ मिमी अंतरावर आडवी-तिरपी मांडली होती. त्यांचं उघडं क्षेत्र जेमतेम ३३ टक्के भरतं, हे तुमच्यापैकी एकाने हिशेब करून दाखवलं. अंतर ४ मिमी केलं की तेच ५१ टक्के होतं. त्याच मापाची षटकोनी भोकं घेतली तर ५६ टक्के. मधल्या १ मिमीच्या पट्ट्या १.५ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये लेझरने कापता येतात, फक्त उष्णतेने पत्रा वाकू नये म्हणून भोकं एका ओळीने न कापता विखरून कापायला सांगावं लागतं.

ग्राफिक्स कार्डांची मापं तुम्ही खोक्यावरून न घेता कॅलिपरने घेतलीत, त्याचा उपयोग सगळ्यांत जास्त झाला. तीन स्लॉटचं (मागच्या भिंतीतल्या तीन खाचा व्यापणारं) कार्ड म्हणजे ३ × २०.३२, म्हणजे ६०.९६ मिमी, हे सगळ्यांना ठाऊक. पण कार्डाच्या मागच्या पत्र्यावरचे स्क्रू ते माप वाढवतात, आणि उंचीत वीजजोडणीचा प्लग व वळणारी केबल धरावी लागते. १६ पिनांच्या जोडणीत केबल प्लगपासून निदान ३५ मिमी सरळ ठेवावी, लगेच वाकवली तर पिना एका बाजूला ताणल्या जातात आणि संपर्क तापतो. म्हणून आता "कार्डाची कमाल उंची" हा आकडा आम्ही प्लगशिवाय आणि प्लगसकट असा दोनदा देतो.

राइझरची भोकं लांबट करा, असं ज्यांनी सुचवलं त्यांचे विशेष आभार. कारण असं आहे. लेझरने कापलेलं भोक ०.१ मिमीपर्यंत अचूक येतं, पण प्रत्येक दुमड त्यात ०.२ ते ०.३ मिमीची भर घालू शकते. राइझरचा सॉकेट मधल्या पत्र्यावर, कार्डाची पट्टी मागच्या भिंतीवर, आणि दोहोंमध्ये तीन-चार दुमडी. १ मिमीचा फरक पडला की स्क्रू आवळताना कार्ड तिरपं होतं, सोनेरी संपर्कांची एक कड सॉकेटमधून उचलली जाते, आणि संगणकाला कार्ड कधी दिसतं, कधी नाही. दोष मात्र केबलच्या माथी मारला जातो. आता भोकं दोन्ही दिशांना १ मिमी सरकती आहेत: आधी कार्ड भिंतीला आवळायचं, मग राइझर. पहिल्यांदा सुरू करताना बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) कार्डाच्या जोडणीचा वेग कमी, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३.०, निवडावा, चित्र स्थिर आलं की मग ४.०.

स्क्रूचे आटे पत्र्यातच पाडायचा आमचा बेत तुम्ही मोडून काढलात, ते बरंच झालं. १.५ मिमीच्या पत्र्यात एम३ मापाच्या स्क्रूचे तीनच आटे येतात, जाड आट्यांच्या ६-३२ मापाचे तर दोनही पूर्ण येत नाहीत. मऊ ॲल्युमिनियममध्ये चार-पाच वेळा स्क्रू काढला-लावला की ते सपाट होतात. आता सगळीकडे दाबून बसवायचे पोलादी नट आहेत. ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर आम्लात विजेने चढवायचा संरक्षक थर) करायचं असेल तर हे नट नंतर बसवावेत, त्या आम्लात पोलाद टिकत नाही. पावडर कोटिंगपूर्वी बसवले तर आटे रबरी बुचांनी झाकावेत. एका स्टँडऑफभोवतीचा भाग मात्र मुद्दाम बिनरंगाचा ठेवला आहे, कारण कोटिंग वीजरोधक असतं आणि बोर्डाचं अर्थिंग कॅबिनेटला मिळायला हवं.

बोर्डाच्या पाठीवरची एम.२ डिस्क (साठवणीची पातळ पट्टी) ६.५ मिमीच्या स्टँडऑफमध्ये पत्र्याला टेकते, म्हणून तिथे ३० × ९५ मिमीची खिडकी ठेवली.

पाण्याने प्रोसेसर थंड करणारा २४० मिमीचा रेडिएटर मात्र घेता आला नाही. तो साधारण २७७ × १२० × २७ मिमीचा असतो, वर २५ मिमीचे पंखे. तो कार्डाच्या जागेतच येतो. ज्यांनी मागितला त्यांची निराशा झाली असेल, पण त्यासाठी वेगळं कॅबिनेट आखावं लागेल. एसएफएक्स-एल, म्हणजे एसएफएक्सचा लांब प्रकार, तोही वगळला आहे: १७० मिमीचा बोर्ड आणि १३० मिमीचा सप्लाय यांच्यामध्ये केबलींना १९ मिमी उरतात, ते पुरत नाहीत.

आणखी एक दुरुस्ती. काहींच्या पुठ्ठ्यात बोर्ड बसलाच नाही, कारण प्रिंटरने आरेखन कागदात मावेल असं लहान करून छापलं होतं. आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ आहे. १०० टक्के आकारात छापा, रेघ पट्टीने मोजा, ती ९७ भरली तर ते पान कापू नका. तापमान कळवताना अर्धा तास पूर्ण भार, बाजूचा पत्रा लावून आणि काढून, आणि खोलीचं तापमान, असे तिन्ही आकडे द्या. त्यातला पत्रा काढल्यावरचा फरक आम्ही सर्वांत आधी पाहतो.

आपले स्नेहांकित,
कॅबिनेटचं आरेखन करणारे आम्ही सर्व