चढावर एसी चालू राहावा म्हणून

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांनी पाठवलेले नव्या गाडीच्या दोन्ही पत्रकांचे फोटो मिळाले. तिरके आलेत आणि एकावर आईचा अंगठा आहे, पण आकडे वाचता आले. फोनवर हा विषय निघाला की बाबा "आधी ॲव्हरेज सांग" म्हणतात आणि आई "तुम्ही दोघं काय ते ठरवा" म्हणून फोन खाली ठेवते. म्हणून सरळ लिहायलाच बसले.

गाडी तीच, रंग तोच, डिकी तेवढीच. फरक फक्त इंजिनाचा, १.२ लिटर की १.५ लिटर. बाबांचा कौल धाकट्याला आहे हे मला त्यांनी न सांगताच कळलं, कारण पत्रकावर त्याच्याभोवती पेनाने गोल केलाय. माझा कौल थोरल्याला आहे. घरातली धाकटी असून मी थोरल्याची बाजू घेतेय, याची कृपया नोंद घ्यावी.

बाबा, तुमचं ॲव्हरेजचं म्हणणं खोटं नाही, ते आधीच कबूल करते. गावातल्या गावात, सिग्नल टू सिग्नल, लहान इंजिन कमीच पितं. मोठ्या इंजिनाला हळू चालवायचं म्हणजे त्याचा हवेचा रस्ता जवळजवळ बंद करून ठेवायचा. नाक चिमटीत धरून श्वास घेतल्यासारखं ते त्या फटीतून हवा ओढत राहतं आणि त्या ओढण्यातच थोडं पेट्रोल जातं. पण किती? तुमचं फिरणं वर्षाला ८,००० किलोमीटरच्या वर नाही. धाकटं लिटरला १८ देतं आणि थोरलं १६, असं धरून चालू. एकाला वर्षाचे ४४४ लिटर लागतील, दुसऱ्याला ५००. म्हणजे ५५-५६ लिटरचा फरक, दीड टाकीसुद्धा नाही. आणि हा हिशोब धाकट्याच्या सोयीने मांडलाय. पाच माणसं बसवून चढावर पाय पूर्ण दाबलात की तेच इंजिन स्वतःला थंड ठेवायला जास्तीचं पेट्रोल घेतं. तेव्हा ॲव्हरेजचं नाव काढायचं नाही.

आता दुसऱ्या आकड्याकडे या. पत्रकात एकासमोर ८५ हॉर्सपॉवर आहे, दुसऱ्यासमोर ११५. तुम्ही म्हणालात, "८५ काय कमी आहेत?" मुळीच नाहीत. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने जाताना अशा गाडीला ११-१२ पुरतात, मी कागदावर मांडून बघितलं. पण त्या ८५ च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलंय, ६,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना. बाबा, तुमच्या गाडीत काटा अडीच हजारांच्या पुढे गेलेला मी या जन्मात पाहिलेला नाही. मला शिकवताना इंजिनाचा आवाज जरा चढला की तुम्ही म्हणायचात, "रडवू नकोस तिला, गिअर टाक." आईलाही तुम्हीच शिकवलंत, तीही तशीच चालवते. तेव्हा ६,००० वरचे ते ८५ घोडे म्हणजे लंकेतल्या सोन्याच्या विटा. आपल्याला दोन हजारांवर काय मिळतं ते बघायला हवं.

तिथे टॉर्क कामाला येतो. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या पिळण्यातला जोर, आणि तो जोर गुणिले फेरे म्हणजे हॉर्सपॉवर. फेरे तुम्ही वाढू देत नाही, मग जोर तरी जास्त हवा. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनात तो जवळजवळ आकारमानावरच ठरतो, लिटरमागे ढोबळमानाने जास्तीत जास्त ९०-१०० न्यूटन-मीटर (टॉर्कचं माप). दोन हजारांवर तो त्याहून थोडा कमीच असतो, म्हणून तिथे धाकट्याकडून २८-३० हॉर्सपॉवर निघतील, थोरल्याकडून ३५-३७. फरक किरकोळ वाटतो ना? मग गेल्या सुट्टीतला घाट आठवा.

जुन्या गाडीत आपण पाचजण, डिकीत बॅगा, म्हणजे गाडी धरून दीड टनाच्या आसपास. शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर, असा तो चढ. त्यावर ५० चा वेग टिकवायला २४ हॉर्सपॉवर लागतात, आणि एसी ३-४ खातो. बेरीज करा, धाकट्याचे दोन हजारांवरचे जवळजवळ सगळे घोडे त्यातच संपतात. म्हणूनच चढ दिसला की बाबांचा हात आपोआप एसीच्या बटणाकडे जायचा आणि आई न बोलता काच खाली करायची. ते इतकं सवयीचं झालंय की तुम्हाला दोघांना त्यात काही वावगं वाटत नाही. मी मागे बसून मोजत होते, त्या एका चढावर बाबांनी अकरा वेळा गिअर बदलला. तिसरा, गाडी कण्हायला लागली की दुसरा, जरा सुटली की पुन्हा तिसरा. अकरा वेळा डावा पाय क्लचवर, आणि तोच डावा गुडघा, ज्याला संध्याकाळी आई तेल लावत होती. "बसून बसून आखडला" म्हणालात. बसून नाही हो.

आणि तो ट्रक. त्याविषयी आपण कुणीच नंतर बोललो नाही. घाट संपून सपाटी लागली होती, समोरचा रस्ता मोकळा दिसत होता, बाबांनी गाडी बाहेर काढली. पाय खालपर्यंत दाबलेला, आवाज वाढला, पण गाडी ट्रकच्या मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत पोचेना. मग लांबून बस दिसली. बाबांनी ब्रेक मारून परत मागे घेतली. चूक बाबांची नव्हती आणि बरोबर वेळी मागे घेतली हे त्यांचंच. पण आईने पर्सचा बंद मनगटाला दोन वेढे दिले होते आणि ते तिने मुक्कामाला पोचेपर्यंत सोडवले नाहीत. तेवढी भरलेली गाडी ६० वरून ९० वर दहा सेकंदांत न्यायची तर सरासरी ४५ हॉर्सपॉवर तरी हवेत. सहा सेकंदांत न्यायची तर सत्तरच्या घरात. हे धाकट्याकडे आहेत, नाहीत असं नाही, पण गिअर उतरवून काटा पाच हजारांकडे नेला तरच. "रडवू नकोस" म्हणणारा माणूस आयत्या वेळी तिला रडवत नाही. थोरल्यालाही गिअर उतरवावाच लागेल, पण त्याला साडेतीन हजारांवर जे जमतं त्यासाठी धाकट्याला किंचाळावं लागतं.

शोरूममधल्या मुलाने तिसरंच सुचवलं म्हणे, एक लिटरचं टर्बो. चांगली चीज आहे, उगाच नावं ठेवणार नाही. कागदावर त्याचा टॉर्क दीड लिटरवाल्यापेक्षाही जास्त आहे आणि तोही अठराशे आरपीएमपासून. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलं की साध्या इंजिनाचा साधारण दहा टक्के दम विरळ हवेने जातो, टर्बोचं तसं फारसं होत नाही. पण दीड हजाराच्या खाली टर्बो अजून झोपेत असतो. तेव्हा ते नुसतं एक लिटरचं इंजिन, आणि आईची गर्दीतली सगळी चाल त्याच पट्ट्यातली. शिवाय टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तापलेल्या धुरावर फिरतं आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं. त्याला ऑइल ठरलेल्या ग्रेडचं आणि ठरलेल्या वेळीच लागतं. बाबा, रागावू नका, पण "अजून हजारेक किलोमीटर सहज जाईल" हे वाक्य मी तुमच्याच तोंडून शिकले. रोजचं फिरणं दोन-तीन किलोमीटरचं, त्यात ऑइल धड तापतही नाही. तुमच्यासाठी साधं, बिनटर्बोचं, चार सिलिंडरचं बरं. धाकटं तीन सिलिंडरचं आहे, सिग्नलला उभं असताना त्याची थरथर सीटमधून पाठीत येते. आईच्या मणक्याने ती का सोसावी?

गुडघ्यासाठी ऑटोमॅटिक घ्यावी का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी ऑटोमॅटिकच्या बाजूने आहे. पण तीही थोरल्या इंजिनावरच शोभते. धाकट्यावर ती सतत गिअर खाली टाकून आरडाओरडा करेल आणि बाबा घाबरून पाय काढतील.

एक मात्र खरं. तुम्ही दोघंच गावात फिरणार असतात, कधीच लांब जाणार नसतात, तर मी गुपचूप धाकट्याला हो म्हटलं असतं. पण आईने कालच विचारलं, "पुढच्या सुट्टीत सगळे येणार ना? मग परत तिकडेच जाऊ." म्हणजे परत तोच घाट.

तेव्हा ट्रायल घ्याल तेव्हा शोरूमभोवती एकटे चक्कर मारून येऊ नका. त्याने सगळ्या गाड्या चांगल्याच वाटतात. चौघांना बसवा, एसी चालू ठेवा आणि जवळचा सगळ्यात वाईट चढ गाठा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर आलात की पाय अर्धाच दाबा आणि बघा, गाडी पुढे सरकते की विचार करते. दोन्ही इंजिनं एकाच दिवशी, एकाच चढावर. आणि अर्धा वेळ आईला चालवू द्या. तिला "तुम्ही दोघं ठरवा" म्हणायचं नाही असं सांगून ठेवलंय.

शनिवारी सकाळी येते. मी मागे बसेन, बॅगांच्या जागी.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, जुन्या गाडीचं ऑइल बदललंत का?