कोर्स फुकट, पण पहिला महिना कोण भरणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी उद्योजक म्हणतो की आम्हाला कुशल माणसं मिळत नाहीत, आणि पान उलटलं की बेरोजगारीची बातमी असते. मी बीड जिल्ह्यात कौशल्य प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत मोबिलायझर आहे, म्हणजे गावोगाव फिरून पोरं-पोरी गोळा करायच्या, कोर्सला बसवायच्या आणि कोर्स संपला की नोकरी लागली का, टिकली का म्हणून फोनवर पिच्छा पुरवायचा. या कामाला आता वर्ष झालं. संस्थेचं नाव देत नाही कारण हे एकट्या आमच्या संस्थेचं नाहीये, या लाइनमधल्या कुणालाही विचारा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल.

आधी चांगलं सांगते. शिकवणं वाईट नाहीये. आमचे इलेक्ट्रिशियनचे सर जुने वायरमन आहेत, ते पहिल्या आठवड्यात वहीच काढू देत नाहीत. लाकडी बोर्ड, एक बल्ब, दोन स्विच, आणि जिन्यातला दिवा वरूनही बंद झाला पाहिजे नि खालूनही, चला करा जोडणी. दहावीत गणितात गचकलेलं पोरगं टू-वेचं कनेक्शन थोड्या खटपटीने बरोबर करतं आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत रहावं. लाइटच्या पॉइंटला दीड एमएमची वायर आणि एसीला चारची का, हे फळ्यावर समजवायला तास जातो, पण जळालेलं इन्सुलेशन नाकाशी धरलं की कायमचं कळतं. एसी-फ्रिजवाल्या बॅचला तर उन्हाळ्यात इतकी मागणी की दुकानदार कोर्स संपायच्या आधीच फोन करतात. त्यामुळे "पोरांना शिकायचंच नसतं, दिवसभर मोबाईल घेऊन बसतात" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. शिकतात हो. अडतंय दुसरीकडेच.

गावात मी कोर्सची माहिती द्यायला जाते तेव्हा पहिलं वाक्य असतं की पूर्ण मोफत आहे. एका वडलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, कोर्स फुकट हाय ते कळलं, पण पोराचा रोज बुडतोय त्येचं काय?" पोरगं सेंट्रिंगच्या कामाला जात होतं, दिवसाला चारपाचशे आणत होतं. तीन महिन्यांचा कोर्स म्हणजे त्या घरातनं तीसेक हजार गेले, शिवाय गावापासून सेंटरपर्यंतचं जायचं-यायचं वडापचं, म्हणजे शेअर जीपचं, भाडं, चहा-नाश्ता, ते वेगळंच. मी कागदावर लिहिणार "नि:शुल्क" आणि त्या घराच्या हिशोबात तो वर्षातला सगळ्यात मोठा खर्च. त्यांना काय उत्तर द्यायचं हे मला आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

त्यात आमचा जिल्हा ऊसतोडीचा. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टर-ट्रकवर टाकून लोक पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परत. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे पोरगं एकोणीस-वीसचं झालं की घरात लग्नाची बोलणी, का तर एक कोयता वाढतो आणि एक उचल वाढते. अशा घरातलं पोरगं उचल फिटायच्या आत कोर्सला बसणारच नाही, आणि बसलं तरी मुकादमाचा माणूस दारात येतो. आता गंमत बघा. आम्हाला पैसा येतो तो बहुतेक कंपन्यांच्या सीएसआरचा. कंपनी कायद्यात २०१४ पासून ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लागतात, त्यात व्यवसाय कौशल्यं पण येतात, हे चांगलंच आहे. पण कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. प्रपोजल, मीटिंग, सह्या करत करत पैसा हातात येईपर्यंत दिवाळी येते आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. म्हणजे आमच्या बॅचा जोरात सुरू होतात नोव्हेंबर ते मार्च, आणि ज्यांच्यासाठी सुरू होतात ते तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतात! मे ते सप्टेंबर पोरं गावात रिकामी, तेव्हा आमच्याकडे पैसे नाहीत. मग तालुक्याच्या गावातली, ज्यांचं तसंही कसंतरी भागतं ती पोरं बसवून बॅच भरायची. हे सगळ्यांना माहितीये आणि कुणीच बोलत नाही.

बरं, एवढ्यातनं एखादा कोर्स पुरा करतो, सर्टिफिकेट घेतो. आमच्या एका हुशार पोराला पुण्याजवळ चाकणला कारखान्यात नोकरी लागली, पॅनल वायरिंगचं काम, पगार हातात चौदा हजाराच्या आसपास. घरच्यांनी पेढे वाटले. तीन आठवड्यात परत आला. मला वाटलं साहेबाशी भांडण झालं असेल, आई आजारी असेल. तसलं काही नाही. पैसे संपले. कॉट बेसिसवर, म्हणजे चारचौघांच्या खोलीत एका खाटेपुरती जागा, त्याचं आगाऊ भाडं आणि डिपॉझिट, मेसचे महिन्याचे पैसे आधी, सेफ्टी शूज स्वत:चे, खोलीपासून कंपनीपर्यंत शेअर रिक्षा. पाच तारखेला जॉइन झाला की पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला, म्हणजे महिन्याच्या वर खिशातनं जगायचं. घरनं निघताना आणलेले पाच-सहा हजार आणि तेही उसने. मित्राकडे मागितले, ठेकेदाराकडे ॲडव्हान्स मागितला तर तो म्हणाला नवीन माणसाला देत नाही. मग एसटीत बसला. आता तो गावाकडे पुन्हा सेंट्रिंगला जातो. कंपनीच्या एचआरने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमच्या भागातली मुलं टिकत नाहीत." मी काय बोलणार.

आणि याच्या उलट उदाहरण पण आहे म्हणून मला हे इतकं खात्रीने लिहिता येतंय. पेशंट केअरच्या बॅचमधल्या पोरी, ज्यांना घरचे शेजारच्या तालुक्याला पण एकट्या पाठवत नव्हते, त्यातल्या काहीजणी पुण्याला एका हॉस्पिटलात लागल्या आणि टिकल्या. पगार त्या चाकणवाल्या पोरापेक्षा कमी. काम अवघड, नाइट ड्युटी, बेडपॅन, सगळं. टिकल्या कारण हॉस्पिटलने पहिल्या दिवसापासून रहायला खोली दिली आणि कॅन्टीनचं जेवण पगारातून कापून घेतलं, आधी मागितलं नाही. बस एवढाच फरक. त्यांना आम्ही काही जास्त चांगलं शिकवलं नव्हतं.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ ला आली, त्यात नोकरी लागल्यानंतर उमेदवाराला महिन्याला हजार रुपये द्यायची सोय केली, जिल्ह्यातच लागला तर २ महिने, राज्यात दुसरीकडे लागला तर ३, राज्याबाहेर ६. म्हणजे मूळ दुखणं कुणीतरी बरोबर ओळखलं होतं, फक्त हजार रुपयात चाकणला काय येतं ते त्यांनी जाऊन बघावं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, त्यात शिक्षणाप्रमाणे दरमहा ६, ८ किंवा १० हजार विद्यावेतन, पण सुरुवात बारावी पासपासून. आमच्या वर्गातले निम्मे तर दहावीच्या अलीकडचे. त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात बरा रस्ता म्हणजे अप्रेंटिसशिप, कंपनीत काम करत शिकायचं आणि वर विद्यावेतन. कायदा १९६१ चा आहे, ज्या कंपनीत ३० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिला त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि २०१९ च्या नियमांत अगदी पाचवी ते नववी शिकलेल्याला किमान ५ हजार, दहावी पासला ६ हजार ठरवून दिलेत, २०१६ च्या योजनेत त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार, केंद्र सरकार भरतं. कागदावर छान आहे. पण तेही महिना भरल्यावरच, आणि ५ हजारात खोली का मेस, दोन्हीतलं एकच.

शिकण्यासोबत रहायची सोय आपल्याकडे कुणी करून दाखवलेली नाही असं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम काढला, शाळा सुटलेल्या पोरांसाठी वर्षभराचा निवासी कोर्स, वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन सगळं हाताने करत शिकायचं. लोक तिथल्या "हाताने शिकणं" याचं कौतुक करतात, ते आहेच, पण या वर्षानंतर मला त्यातला "निवासी" हा भाग जास्त महत्त्वाचा वाटायला लागलाय. आपल्याच जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या शाळकरी मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहं सुरू झाली, का, तर आई-बाप फडात गेल्यावर पोरांनी रहायचं कुठं. मग तेच पोरगं अठरा वर्षांचं झालं की त्याचा रहायचा प्रश्न आपोआप सुटतो का?

आमच्या बजेटमध्ये, आणि हे मी हसतच लिहितेय, टी-शर्टसाठी वेगळी रक्कम असते. कंपनीचा लोगो पुढे, आमचा मागे. बॅनर असतो, सर्टिफिकेट वाटपाच्या कार्यक्रमाला मंडप, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. पोराला चाकणला पाठवायचं एसटीचं तिकीट मात्र कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं की "लाभार्थ्याला रोख देता येत नाही, ऑडिटला अडचण येते." रोख नका देऊ. खोलीवाल्याला थेट द्या, मेसवाल्याला द्या, चेकने द्या.

तुमचा पेपर कारखानदार पण वाचतात म्हणून मुद्दाम लिहितेय. माणसं मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी नवीन पोराला जॉइन झाल्यावर आठव्या दिवशी आठ दिवसांचा पगार द्यावा, नंतर महिन्याने द्या. पहिल्या दोन महिन्यांसाठी चार-पाच कंपन्यांनी मिळून एमआयडीसीच्या जवळ एखादी बिल्डिंग भाड्याने घ्यावी, पैसे पगारातून वळते करून घ्यावेत, कुणी फुकट मागत नाहीये. सीएसआर बघणाऱ्यांनी दर पोरामागे दोन महिन्यांचं रहाणं-खाणं प्रपोजलमध्येच धरावं, त्यापायी बॅचमधली पाच पोरं कमी झाली तरी चालतील, आणि ऊसतोडीच्या भागात बॅच मे-जूनला सुरू होईल असा पैसा सोडावा. आणि आमच्यासारख्या संस्थांना किती पोरं नोकरीला लावली हे विचारण्याऐवजी सहा महिन्यांनी किती तिथंच आहेत हे विचारा, आकडा दिसायला लहान दिसेल, दिसू दे.

पुढच्या वर्षाची प्रपोजलं जानेवारी-फेब्रुवारीत लिहायला घेतात आणि एकदा कॉलम ठरले की वर्षभर कुणी हात लावत नाही, म्हणून त्याच्या आधी हे छापून आलं तर बरं होईल.

आपली,
एक मोबिलायझर, बीड जिल्हा