डबे नकोत, तू ये

चि. नंदू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रोटीन पावडरचे डबे पोचले. एक फोडलाय. आप्पांना पातळ काही दिलं की ठसका लागतो, म्हणून नाचणीच्या सत्त्वात कालवून दाट करून चमच्याने भरवते. वजन टिकून आहे. धरलं की उभे राहतात, उजव्या पायात थोडा जोर आलाय. पाठीला कुठे जखम नाही, रोज कूस बदलते आणि बघते. आप्पांची खबर एवढीच. पुढचं सगळं माझ्याबद्दल आहे. ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोन स्पीकरवर असतो आणि आप्पांना बोलता येत नसलं तरी कळतं सगळं.

तू केलेल्या खर्चाच्या शीटमध्ये औषधं आहेत, डायपर, फिजिओथेरपी, रिक्षा, पावडर, सगळं आहे. मी त्यात कुठेच नाही. रागाने म्हणत नाही. आरोग्यसेविकेच्या नोकरीभर मी जी रजिस्टरं भरली, त्यातही माझ्या वयाच्या बाईला रकाना नव्हता. गरोदर माता, स्तनदा माता, शून्य ते सहा वर्षांचं मूल, किशोरवयीन मुलगी. पाळी गेली की बाई आमच्या कागदावरून उतरायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीतसुद्धा, बायकांचा अॅनिमिया १५ ते ४९ वयातच मोजला. महाराष्ट्रात त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी निघालं. पन्नाशीपुढच्यांचं किती ते त्यात शोधून सापडायचं नाही. २०१८ पासून अॅनिमियामुक्त भारत मोहीम चालू आहे. तिच्या लोहाच्या गोळ्या लहान मुलांना, किशोरवयीनांना, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना, गरोदर आणि स्तनदा मातांना. आजारी नवऱ्याला उचलणारी ६८ वर्षांची बाई त्या यादीत बसत नाही.

मी काय खाते ते लिहिते, म्हणजे तुला हिशेब कळेल. सकाळी चहाबरोबर बेकरीचे दोन बटर. दुपारी एक, कधी दीड भाकरी, वरची पातळ आमटी, कारण घोटलेली डाळ आप्पांच्या भातात जाते. रात्री उरला असेल तर भात. मध्ये चहा होतोच. यात प्रथिनं जेमतेम वीस ग्रॅम भरतात. माझं वजन ४६ किलो आहे, निवृत्तीच्या वेळी ५४ होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे मला ३८ हवेत. म्हातारपणी स्नायू झडतात, म्हणून पुष्कळ तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ सांगतात. मग ते पन्नासाच्या आसपास जातं. आप्पा ६८ किलोचे आहेत. उचलायचे ६८ आणि उचलणारी ४६, हे गणित तुला इंजिनिअरला मी काय शिकवू.

तू म्हणशील, आई, तू आयुष्यभर लोकांना हेच शिकवलंस. शिकवलं. डाळीत पाणी घालू नका, लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा पिऊ नका, लोह अंगी लागत नाही. सप्टेंबरात पोषण सप्ताहाला तक्ते लावून बोलायचे मी. आता मलाच कुणी तो तक्ता दाखवला तर हसू येईल. माहिती आहे, पैसेही आहेत. पेन्शन आहे, फ्रिजमध्ये अंडी आहेत. नाही ते एवढंच, की ताट वाढून बसायला अर्धा तास सलग मिळत नाही. आप्पांना भरवायला पाऊण तास लागतो. मग तोंड पुसा, निदान अर्धा तास बसतं ठेवा, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जायची भीती. तोवर लघवी झालेली असते. सगळं आवरून स्वयंपाकघरात यावं तर आमटी गार आणि भूक मेलेली. भूक खरोखर मरते रे. अंडं उकडायला दहा मिनिटं लागतात हे खरं, पण उकडून सोलून खायचा उत्साह लागतो, तो दुपारी दोन वाजता कुठून आणू? बटर डब्यात तयार असतात, म्हणून बटर.

शिवाय जुनी खोड आहेच. मागे सगळ्यांचं उरलं ते खायचं. तुझ्या आत्या भेटायला येतात, मोसंबी आणतात, सफरचंद आणतात, शहाळं आणतात. सगळं पेशंटसाठी. चिरलेल्यातलं काळं पडलं की ते माझं. एकीनेही आजवर विचारलं नाही, वहिनी, तुमचं हिमोग्लोबिन, एचबी किती? त्या काही वाईट नाहीत. खाटेवर पडलेलं माणूस दिसतं, उभं असलेलं दिसत नाही.

माझं एचबी १०.४ आलं. बायकांचं १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात. तळपायाला मुंग्या येतात म्हणून बी-१२ जीवनसत्त्व तपासून घेतलं, तेही कमी. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेतली की ते कमी होतं, वयाने पोटातलं आम्ल घटतं, त्यात आपण मांस-मच्छी न खाणारे. इंजेक्शनं सुरू केलीत, काळजी करू नकोस. खाजगी लॅबचे पैसे मी खिशातून दिले. आप्पांच्या सत्तरीपुढच्या आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, पण दवाखान्यात भरती झालं तर. भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून जे करावं लागतं ते ज्याचं त्याने.

आता दुसऱ्या एका बाईचं सांगते. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायच्या त्या मावशी, तुझ्या शाळेच्या वाटेवरचं पत्र्याचं घर. त्यांची सासू नव्वदीला टेकलीय, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणात आहे. मावशी साठीच्या पुढे गेल्यात. पूर्वी छाटणीनंतर द्राक्षबागेत विरळणीला जायच्या, मग शेडवर, एरवी भांगलायला. आता म्हातारीला एकटं टाकून जाता येत नाही, म्हणजे रोजगार बंद. सासूला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मिळतात. त्यात केंद्राचा वाटा ऐंशीच्या वरच्यांना ५०० आणि त्याखालच्यांना २००, आणि तो २०० चा आकडा २००७ पासून हललेला नाही. मावशींना स्वतःला ६५ व्हायचीत, म्हणून त्यांना ही पेन्शन नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट. घरात दोघी, म्हणजे दहा किलो गहू-तांदूळ. पोट भरतं. पण त्यात डाळ नाही, तेल नाही. जिचा दिवस दुसऱ्याला उचलण्यात जातो तिचे हातपाय कशावर चालायचे?

आरोग्य शिबिरात मीच त्यांना ओढून नेलं. एचबी ८.१. तिथल्या मुलीने सांगितलं, पालेभाज्या, खजूर, डाळिंब खा. मी गप्प बसले, पण घरी येताना त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, डाळिंब कितीला आहे हो?"

माझ्याकडे पैसे आहेत आणि वेळ नाही. त्यांनी सासूला वेळ दिला म्हणून पैसे गेले. दोघींच्या ताटात कमी पडतं ते मात्र जवळजवळ तेच. मला माझं ताट उद्या सुधारता येईल, त्यांचं तसं होणार नाही, हा फरक मात्र मोठा आहे. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या वयस्करांची पाहणी केली. साठीपुढच्यांत सुमारे २७ टक्के लोक वजनाने कमी आणि २२ टक्के जास्त निघाले. लोक म्हणतात देश लठ्ठ झाला. कुणाच्या गल्लीतला, ते विचारावं.

मावशी फुकट काही घेत नाहीत. अर्धा किलो डाळ दिली तर दुसऱ्या दिवशी वाटीभर शेंगदाण्याची चटणी परत. म्हणून आम्ही ठरवलंय, की आमच्या भाकऱ्या त्या घरी थापून देतील, भाकरीला दहा रुपये. चुलीपुढे बसून सासूवर लक्ष राहतं, माझा सकाळचा पाऊण तास वाचतो. त्या पाऊण तासात मी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं करते, त्यातलं वाटीभर त्यांच्याकडे जातं, त्याबद्दल त्या अजून भांडलेल्या नाहीत. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीसच्या वर प्रथिनं असतात. पावडरच्या डब्यांच्या पैशांत दोन घरांना हुलगे, मूग आणि अंडी येतील. म्हणून आता डबे पाठवू नकोस. आप्पांपुरता एक आहे तो पुरे.

माझं मागणं वेगळं आहे. महिन्यातून दोन शनिवार-रविवार तू ये. पाहुणा म्हणून नको. आप्पांना तू भरवायचंस, तू पुसायचंस, कूस तू बदलायचीस. पहिल्यांदा जमणार नाही, मी दाखवीन. चमचा किती भरायचा, हनुवटी किंचित खाली का ठेवायची, सगळं शिकता येतं, मी अंगणवाडीतल्या पोरींना याहून अवघड शिकवलंय. त्या वेळात मी गरम जेवीन आणि झोपेन. सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेचा हिशेब घेतला, तेव्हा स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७, असं निघालं. तू निदान त्या ९७ मध्ये तरी ये.

सूनबाईंना हे पत्र दाखव, पण काम त्यांच्या गळ्यात घालू नकोस. तुझ्या थोरल्या आत्या म्हणाल्याच, सुनेला सहा महिने बोलावून घ्या. मी म्हटलं, तिची आई सोलापुरात तिच्या वडिलांचं करतेय, ती तिकडे जाईल की इकडे येईल? आणि मुलगा माझा आहे.

घाबरवायचं म्हणून नाही, पण एक गोष्ट तुला माहीत असावी. अमेरिकेत १९९९ साली एक अभ्यास छापून आला होता. वयस्कर नवरा-बायकोंपैकी जे जोडीदाराची सेवा करत होते आणि त्याचा ताण सोसत होते, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. यातलं दुसरं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. सेवेने माणूस मरत नाही, एकट्याने ओढत राहिल्याने मरतं. आप्पांचं करायचा मला कंटाळा नाही. एवढ्या संसारात ते पहिल्यांदाच माझं ऐकतात.

सकाळी नऊ ते बारा एक मदतनीस मुलगी मिळते का ते मी इथे बघतेय. तिचा पगार माझ्या पेन्शनमधून देईन, तो तुझ्या शीटमध्ये लिहू नकोस. तू लिहायचंच असेल तर माझं वजन लिही, दर महिन्याच्या एक तारखेला मी कळवीन. ५० झालं की पुढचं बोलू.

येताना डायपर मोठ्या मापाचे आण, इथे मिळतात ते गळतात. आणि शुक्रवारी रात्रीचीच गाडी धर, शनिवारी सकाळी फिजिओवाले येतात, तेव्हा तू समोर असलास तर व्यायाम तुलाही दाखवून ठेवतील.

तुझी,
आई