विलीनीकरण झाले, खाती कधी जुळणार?

महोदय,
1 एप्रिल 2020 रोजी 10 सरकारी बँकांच्या 4 झाल्या, तेव्हा त्यांनाही संगणकप्रणाली जुळवायला कित्येक महिने लागले. आमच्या विलीन झालेल्या सहकारी बँकेत हे काम मोजक्या कर्मचाऱ्यांवर पडले आहे. शाखेची ओळख सांगणारा आयएफएससी कोड बदलला, कारखान्याकडे जुनाच राहिला आणि वडिलांचे ऊसबिल परत गेले. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच भरायचा होता. एका बँकेत त्यांचे आडनाव आधी, दुसरीत शेवटी. म्हणून ग्राहक क्रमांकही दोन! काउंटरवरची मुलगी दोन्ही प्रणालींत शोधून थकली, तिचा काय दोष? माणसे कमी असतील तर सगळ्या शाखा एकदम जोडायची घाई कशाला? आधी केवायसी (ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे) तपासून दुबार नोंदी काढा, एका शाखेत चाचणी घ्या आणि जुन्या कोडवर आलेले पैसे वर्षभर तरी नव्या खात्यात वळते करा.

– एक खातेदार, कसबा बावडा, कोल्हापूर