परदेशी फेलोशिप मिळते, ना हरकत दाखला मिळत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निकालांचे दिवस आले की परदेशी शिक्षणाच्या पुरवण्यांना पूर येतो. संगणक, व्यवस्थापन, बँकेचे कर्ज, व्हिसा, सगळे त्यात असते. इतिहासात किंवा धर्मपरंपरांच्या अभ्यासात पीएच.डी. करणाऱ्या पोरांसाठी मात्र एक ओळ सापडत नाही. प्रबंध जमा करायचा आणि मग तासिका तत्त्वावर कुठेतरी चिकटायचे, याखेरीज त्यांच्या नशिबात काही नाही असे आपण गृहीतच धरले आहे. मी याच जिल्ह्यात आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून चार गोष्टी लिहितो.

परदेशात पूर्ण पदवी घेण्यापेक्षा अगदी वेगळा असा एक मार्ग आहे, निवासी संशोधन फेलोशिपचा. यात नोंदणी आपल्याच विद्यापीठात राहते, मार्गदर्शक आपलेच राहतात, पदवीही इथलीच मिळते. विद्यार्थ्याने काही महिने तिकडच्या संस्थेत राहायचे, तिथले ग्रंथालय वापरायचे, आपले एखादे प्रकरण तिथल्या लोकांसमोर मांडायचे आणि त्यांचे प्रश्न झेलायचे. त्यासाठी दरमहा विद्यावेतन मिळते.

जर्मनीतल्या माइन्झ शहरात लायबनिट्स युरोपीय इतिहास संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये, ती निघाली. राष्ट्राराष्ट्रांतले वैर आणि कॅथलिक-प्रॉटेस्टंटांचा जुना दुरावा या दोन्हींकडे इतिहासाच्या नजरेने पाहायचे, हा तिचा हेतू. म्हणूनच तिथे इतिहासवाले आणि धर्मशास्त्रवाले एकाच छपराखाली बसतात. पीएच.डी. करणाऱ्यांना ही संस्था साधारण सहा महिने ते वर्षभराची फेलोशिप देते. अट अशी की माइन्झमध्येच राहायचे आणि चर्चासत्रांना हजर राहायचे. नुसते पैसे उचलून गावोगाव भटकायला मुभा नाही. विषयाची नाळ मात्र युरोपाशी कुठेतरी जुळायला हवी. जर्मनीतल्याच व्होल्फेनब्युटेल नावाच्या छोट्या गावातले हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालय १५७२ सालचे. तत्त्वज्ञ आणि नाटककार लेसिंग तिथे ग्रंथपाल होता. तिथेही डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना राहून वाचता येते. हाले येथील फ्रांके प्रतिष्ठान १६९८ चे. १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरलेल्या मिशनऱ्यांची पत्रे, रोजनिशा, इतकेच काय, तमिळ ताडपत्रेही तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या दप्तरात आहेत.

आता कुणीही विचारील, सोलापूरचा इतिहास लिहायला जर्मनीला कशाला जायचे? हा प्रश्न मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तोंडावर विचारला होता. उत्तर सरळ आहे. आपला बराचसा कागद इथे नाहीच. अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात शाळा चालवल्या, बालवाडी चालवली, दुष्काळात अनाथ मुले सांभाळली. त्या मिशनच्या मूळ मंडळाचे दप्तर आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. इथून गेलेला पत्रव्यवहार, अहवाल, शाळांचे हिशेब तिथे वाचायला मिळतात. इंग्रजांनी १९३० मध्ये सोलापुरात पुकारलेल्या मार्शल लॉवर आपण दरवर्षी भाषणे करतो, चार हुतात्म्यांना हार घालतो, पण त्या काळाचे इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे, कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ते उलगडून पाहिलेली सोलापूरची पोरे किती, हे शोधायला फार वेळ लागणार नाही.

अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर इथली कितीतरी मुले घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. त्यांच्यासाठी तर बाझेलचे दप्तर म्हणजे खजिनाच आहे. स्वित्झर्लंडच्या बाझेल मिशनने १८३४ पासून मंगळूर, धारवाड, हुबळी, गदग या पट्ट्यात काम केले. १८९४ चा प्रसिद्ध कन्नड कोश करणारा किट्टेल त्यांचाच माणूस. या मिशनऱ्यांनी लिंगायत पुराणे वाचली, छापली, त्यांवर टिपणे लिहिली. मंगळुरात त्यांनी विणकामाचे कारखानेही काढले. मिशन आणि माग यांचे हे नाते सोलापूरच्या पोराने तपासायचे नाही तर कुणी? १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीच्या गावात वाढलेल्याला ताणा-बाणा समजावून सांगावा लागत नाही. आणि असा विषय माइन्झवाल्यांच्या चौकटीत सहज बसतो.

तिकडची माणसे इकडे येऊन राहिलीच ना? हायडेलबर्गचे प्रा. गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्या-वस्त्यांत फिरले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबा-बिरोबावर लिहिले. आज आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचे संदर्भ द्यावे लागतात. ते आमच्याकडे येऊन राहू शकले, तर आमच्या पोरीला त्यांच्याकडे जाऊन राहायला काय हरकत आहे?

हरकत आहे. ती कुठे, ते सांगतो. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एकट्या कॉलेजची नाही.

माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी, वडील यंत्रमागावर. विषय मिशनच्या शाळांचा. तिने स्वतःच्या बळावर एका युरोपीय ग्रंथालयाकडे अर्ज केला आणि निवड झाली. तिकडून आलेल्या पत्रात शेवटी एक साधी मागणी होती: ही व्यक्ती तुमची नोंदणीकृत संशोधक आहे आणि या काळात इथे राहायला तुमची हरकत नाही, असे एक पत्र पाठवा. चार ओळींचे पत्र. संशोधन केंद्राने सांगितले, विद्यापीठाकडून आणा. विद्यापीठातून सांगितले, आधी केंद्राची शिफारस हवी. शिफारस झाली, तर तिच्यावर जावक क्रमांक नव्हता. तो पडला, तर सही करणारे साहेब परिषदेला गेलेले. ‘असा प्रस्ताव आमच्याकडे आधी कधी आलेला नाही, कोणत्या नियमात बसवायचा?’ असे एका टेबलावर खरोखर विचारण्यात आले. त्या माणसालाही दोष कसा द्यावा? त्याच्यासमोर नियम नव्हता आणि नसलेल्या नियमावर सही करणारा कारकून अजून जन्माला यायचा आहे. दाखला हातात पडला तेव्हा तिकडची मुदत टळून गेली होती. पोरगी आता खाजगी शिकवण्या घेते. प्रबंध सुरू आहे म्हणते.

वास्तविक नियम आडवा येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे घेता येतात आणि महिलांना त्याहून जास्त सवलत आहे. कोर्सवर्क आटोपलेल्या विद्यार्थ्याने सहा-आठ महिने बाहेर काढले म्हणून आभाळ कोसळत नाही. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते, हे खरे. पण करोनात आपण तोंडी परीक्षासुद्धा पडद्यावर घेतल्या. मग सल्लागार समितीची बैठक पडद्यावर घ्यायला अडते कुठे?

दुसरा आधार शिष्यवृत्त्यांचा. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे सोलापूरसाठी अगदी नेमकी. परंतु २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले गेले. सेटलमेंटच्या, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे डांबले त्या वस्तीतल्या मुलाला सेटलमेंटचा इतिहास लिहायला त्या पैशातून परदेशी जाता येऊ नये, यामागचा विचार मला तरी कळलेला नाही. ते दार असे लोटलेले असताना निवासी फेलोशिपचे महत्त्व आणखी वाढते. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरेट फेलोशिपही आहे, भारतात नोंदणी झालेल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत राहून काम करायला. हार्वर्डचे दप्तर गाठायचे असेल तर तो रस्ता.

काही दोष आमच्या प्राध्यापकमंडळींच्या पदरातही घालायला हवा. शिफारसपत्र मागितले की आम्ही ‘तूच लिहून आण, सही करतो’ म्हणतो. अशा पत्रात ‘होतकरू, मेहनती, सद्वर्तनी’ यापलीकडे काही नसते आणि निवड समितीला ते पहिल्या ओळीत कळते. तिला हवे असते एवढेच: हा प्रबंध नवे काय सांगतो आणि त्यासाठी याच ग्रंथालयात का यायचे. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याने घाबरू नये. अर्ज मात्र नीट इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये करावा लागतो आणि पाच पानी आराखडा इंग्रजीत उतरवायला मदत करणे हे मार्गदर्शकाचे कामच आहे. जर्मन थोडी तरी यावी. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग आहेत, हुतात्मा एक्सप्रेस आहे, पण दर आठवड्याला ते भाडे परवडणारी घरे आमच्याकडे थोडी. विद्यापीठाच्या आवारातच प्राथमिक वर्ग सुरू झाला तर फार मोठा खर्च नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते निघाले. लहान विद्यापीठाला ठराव करायला वेळ लागू नये. निवड झालेल्या संशोधकाला ठरलेल्या दिवसांच्या आत ना हरकत पत्र द्यावे, बाहेर राहिलेला काळ नोंदणीच्या मुदतीत धरावा, सल्लागार समितीची बैठक ऑनलाइन चालेल असे लिहावे आणि या सगळ्यासाठी एकच टेबल नेमावे. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती मी कुलगुरूंना स्वतंत्र पत्राने करत आहे.

आपल्याकडून अपेक्षा इतकीच की पुढच्या शिक्षण पुरवणीत या फेलोशिपच्या अर्जांच्या तारखा एका कोपऱ्यात का होईना, छापाव्यात. संस्थांच्या संकेतस्थळांवर त्या असतात. गोळा करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास प्राध्यापक,
सोलापूर